संकट येण्याआधी आपली माणसं कागदावर आणा: क्वीअर आधारगट बांधण्याची कृती

हा लेख क्वीअर, म्हणजे समलिंगी, उभयलैंगिक, ट्रान्स अशा माणसांसाठी आहे, ज्यांची सर्वांत जवळची माणसं कायद्याच्या लेखी त्यांची कुणीच लागत नाहीत. मी आणि माझी जोडीदार पुण्यात राहतो. तिचं मोठं आजारपण, लॉकडाउनमध्ये कामं गेलेले मित्र, घरच्यांनी कोंडून ठेवलेला एक मुलगा, एका मैत्रिणीचा मृत्यू: यांतून आमच्या मित्रमंडळाला जे समजत गेलं ते इथे क्रमाने मांडते आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला हे एका जागी मिळावं, एवढीच इच्छा.

कायद्याची बाजू आधी थोडक्यात. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या बाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी विवाहाला मान्यता मिळाली नाही. त्यामुळे नवरा-बायकोला जे आपोआप मिळतं, ते आपल्याला एकेक कागद करून मिळवावं लागतं. काही गोष्टी कागदानेही मिळत नाहीत. तिथे माणसं लागतात. म्हणून सुरुवात माणसांपासून.

१. माणसं ठरवा

पाच-सहा जण पुरतात. व्हॉट्सॲपवर पन्नास जणांचा ग्रुप असला तरी रात्री अडीचला रिक्षा करून येणारे दोघे-तिघेच असतात. ते कोण, हे आधी माहीत असलं पाहिजे.

सगळे क्वीअर असायला हवेत असं नाही. शेजारच्या काकू, ऑफिसातला विश्वासू सहकारी, तुम्हाला समजून घेणारी मामेबहीण, यांतलं कुणी तयार असेल तर जरूर घ्या. रक्ताच्या नात्यातलं एक माणूस गटात असलं की दवाखान्यात निम्मी वादावादी टळते. शिवाय काही कामं घरी न सांगितलेल्या माणसाला देऊच नयेत. ज्याचं गुपित उघडं पडलं तर त्याचं घर किंवा नोकरी जाईल, त्याला पोलीस ठाण्यात पुढे करू नका. त्याने डबा पोचवावा, फोन सांभाळावा, पैसे भरावेत. हीसुद्धा तेवढीच महत्त्वाची कामं आहेत.

विचारायचं ते स्पष्ट विचारा. "काही लागलं तर सांग" असं सगळेच म्हणतात आणि मनापासून म्हणतात, पण त्यातून काहीच ठरत नाही. त्याऐवजी असं विचारा: "मला ॲडमिट केलं तर पहिली रात्र तू थांबशील का? माझ्या घराची एक किल्ली ठेवशील का? माझ्या भावाला फोन करायची वेळ आली तर तू करशील का?" समोरच्याने एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं तर वाईट वाटून घेऊ नका. आज आलेला नकार संकटात न उचललेल्या फोनपेक्षा कितीतरी बरा.

हे आपण पहिल्यांदा करतोय असंही समजू नका. हिजड्यांच्या घराण्यांत गुरू-चेल्याच्या नात्यातून आजारपणाची आणि म्हातारपणाची सोय पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. त्या रचनेत उतरंड आहे, देण्याघेण्याचे नियम कडक आहेत, सगळ्यांना ती मानवत नाही; पण गुरू अंथरुणाला खिळला तर कुणी काय करायचं हे तिथे विचारावं लागत नाही. सांगलीत वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायका आणि त्यांच्यासोबत 'मुस्कान'मधले पुरुष व ट्रान्स सेक्स वर्कर एचआयव्हीच्या साथीच्या काळापासून एकमेकांच्या आधाराने संघटित झाले. शहरात तुमचं कुणीच नसेल तर तिथल्या क्वीअर संस्थांच्या भेटीगाठींपासून सुरुवात करा. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ मध्ये सुरू झाला, पुण्यात समपथिक ट्रस्ट २००२ मध्ये. डेटिंग ॲपवर चार दिवसांपूर्वी भेटलेल्या माणसाला मात्र लगेच घराची किल्ली देऊ नका, तो कितीही गोड असला तरी.

२. एकदा निवांत बसा आणि प्रत्येकाचा एक कागद करा

रविवारची दुपार काढा. प्रत्येकाने आपल्यापुरता एक कागद लिहायचा: रक्तगट, चालू औषधं आणि त्यांचे डोस, ॲलर्जी, नेहमीचे डॉक्टर, मेडिक्लेमचा क्रमांक, कुणाला कळवायचं आणि कुणाला अजिबात कळवायचं नाही, घरात मांजर-कुत्रं असेल तर ते कुणाकडे जाईल. हॉर्मोन्स किंवा एआरटीच्या (एचआयव्हीवरच्या) गोळ्या चालू असतील तर त्या कुठून मिळतात आणि घरात किती दिवसांच्या शिल्लक असतात, हेही. लॉकडाउनमध्ये आणि २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात रस्ते बंद झाले. अशा वेळी हा तपशील जिवाचा होतो.

या बैठकीत सर्वांत जास्त वेळ एका प्रश्नाला द्या: कुणाला काय माहीत आहे? आमच्यातल्या एकाच्या आईला तो गे असल्याचं माहीत आहे, वडिलांना नाही. दुसरीच्या घरमालकांच्या लेखी आम्ही 'मावसबहिणी' आहोत. एका ट्रान्स मैत्रिणीचं आधारवर जुनं नाव आहे. नर्सने ते पुकारलं तर कुणी ओ द्यायची आणि गावाहून आलेल्या काकांसमोर तिला कोणत्या नावाने हाक मारायची, हे तिनेच सांगून ठेवलं आहे. हे सगळं ठरलेलं नसेल तर भेटायला आलेला प्रेमळ मित्र कॉरिडॉरमध्ये दोन वाक्यांत सगळं उघड करून बसतो आणि पेशंट बरा होऊन घरी येतो तो नव्या संकटात.

एचआयव्हीबद्दल तर जास्तच काळजी घ्या. एचआयव्ही आणि एड्स कायदा २०१७ नुसार कुणाची स्थिती त्याच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय उघड करता येत नाही. गटातल्या सगळ्यांना ती कळलीच पाहिजे असंही नाही. ज्या एका माणसाला सांगायचंय त्याला तोंडी सांगा आणि औषधांची नावं बंद पाकिटात ठेवा. व्हॉट्सॲपवर रिपोर्टचे फोटो टाकू नका.

३. दवाखान्याची फाईल

एक साधी प्लॅस्टिकची फाईल, पाणी न शिरणारी. तिची एक प्रत दुसऱ्याच्या घरी. तिच्यात एवढं असावं:

– ओळखपत्राच्या प्रती, दोन फोटो, मेडिक्लेम कार्ड
– पायरी २ मधला कागद
– माहिती देण्याचं आणि भेटू देण्याचं अधिकारपत्र
– मानसिक आरोग्य कायद्याखालील नामनिर्देशित प्रतिनिधीचा कागद
– केलेलं असेल तर आगाऊ वैद्यकीय निर्देशपत्र, म्हणजेच लिव्हिंग विल
– हाताशी थोडी रोकड

अधिकारपत्र कसं लिहायचं? साधी भाषा चालते: "मी, अमुक, पूर्ण शुद्धीत लिहून देते की माझ्या प्रकृतीची सर्व माहिती आणि तपासण्यांचे अहवाल तमुक यांना द्यावेत, त्यांना मला भेटू द्यावं आणि माझ्या उपचारांबाबत त्यांच्याशी चर्चा करावी. त्या माझ्या जोडीदार आहेत." खाली सही, तारीख, दोन साक्षीदार. या कागदाला कोर्टाच्या हुकमाचं वजन नाही. पण काउंटरवर "घरचं कुणी नाही का?" असं विचारलं गेलं की तो पुढे करता येतो, आणि चांगल्या डॉक्टरला तुमच्याशी बोलण्यासाठी आधार मिळतो. पेशंट शुद्धीवर असेल तर भरतीच्या फॉर्मवर हेच नाव त्याच्याच हाताने लिहून घ्या. सज्ञान, शुद्धीवरच्या पेशंटची स्वतःची संमती हीच उपचारांसाठीची खरी संमती असते. "नातेवाईक सही करतील तेव्हाच" असं तिथे नसतं. आणि जीव धोक्यात असेल तर तातडीचे उपचार देणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच स्पष्ट केलं आहे. काउंटरवर आवाज चढवण्याऐवजी ड्यूटीवरच्या डॉक्टरांशी किंवा रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाशी बोला. तिथे काम लवकर होतं.

फॉर्मवर 'सख्खी बहीण' असं खोटं नातं लिहू नका. त्या घटकेला सोपं वाटतं, पण मेडिक्लेमच्या छाननीत किंवा पोलीस केस झाली तर तेच अंगाशी येतं. 'जोडीदार' लिहायचं नसेल तर 'सोबत राहणारी व्यक्ती' लिहा.

दुसरा सापळा मुखत्यारपत्राचा. "पॉवर ऑफ ॲटर्नी केलीय, आता चिंता नाही," असं पुष्कळजण म्हणतात. आपल्याकडे मुखत्यारपत्र देणारी व्यक्ती मानसिकदृष्ट्या निर्णय घेण्याच्या स्थितीत राहिली नाही की त्याचा अधिकार संपतो, मृत्यूनंतर तर संपतोच. म्हणजे आयसीयूत, नेमकी गरज असते तेव्हा, त्याचा भरवसा धरता येत नाही. ते बँकेच्या आणि घराच्या कामांसाठी ठेवा.

लिव्हिंग विल वेगळं. आजार बरा होण्याची आशा उरलेली नसताना कृत्रिम उपचार चालू ठेवायचे की नाहीत, एवढ्यापुरतं ते असतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये पद्धत सोपी केली: दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचं साक्षांकन. निर्णय सांगणाऱ्या एकाहून अधिक व्यक्तींची नावं त्यात देता येतात. जोडीदारासोबत गटातलं आणखी एक नाव घाला, म्हणजे एवढा मोठा भार एकटीवर पडत नाही.

मानसिक आरोग्य कायदा २०१७ मात्र आपल्या फार उपयोगाचा आहे आणि लोकांना तो माहीत नसतो. त्याच्या कलम १४ प्रमाणे तुम्ही साध्या कागदावर सही करून कुणाही सज्ञान, तयार असलेल्या व्यक्तीला आपला प्रतिनिधी नेमू शकता. ती नात्यातली असण्याची अट नाही. मनाच्या आजारात दाखल व्हायची वेळ आली तर घरच्यांआधी या व्यक्तीचा विचार होतो. याच कायद्यात लैंगिक कलावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्कही लिहिलेला आहे. हा कागद आजच करा, पाच मिनिटांचं काम आहे.

४. पैसा

इथे सर्वांत जास्त गैरसमज आहेत.

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या वित्तीय सेवा विभागाने स्पष्ट केलं की क्वीअर व्यक्तींना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कोणतीही आडकाठी नाही. बँकेत कुणी का-कू केलं तर या पत्राचा उल्लेख करा. संयुक्त खातं 'दोघांपैकी कुणीही' या पद्धतीचंच घ्या; दोघांच्या सह्या लागणारं खातं आजारपणात गोठल्यासारखं होतं. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नॉमिनी देता येतात.

पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो. ते शेवटी कुणाचे, हे वारसा कायदा किंवा मृत्युपत्र ठरवतं. शेअरच्या बाबतीत हेच सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये साळगावकर कुटुंबाच्या खटल्यात पुन्हा सांगितलं. आयुर्विम्यातही पैशावर स्वतःचा हक्क सांगू शकणारे नॉमिनी म्हणजे आई-वडील, पती-पत्नी आणि मुलं. प्रॉव्हिडंट फंडात तर, नियमांच्या व्याख्येतलं कुटुंब असताना बाहेरच्या माणसाचं नामनिर्देशन टिकतच नाही. म्हणून मृत्युपत्राला पर्याय नाही. ते साध्या कागदावर होतं, मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे. तरी नोंदणी करा, कारण आपल्या मृत्युपत्राला आव्हान मिळण्याची शक्यता जास्त. दोन साक्षीदार घ्या, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही असे आणि शक्यतो आपल्यापेक्षा वयाने लहान. मुस्लिम मित्रमैत्रिणींनी मृत्युपत्राने एक तृतीयांश मालमत्तेपुरतंच देता येण्याची मर्यादा वकिलाकडून समजून घ्यावी.

प्राप्तिकराचाही एक काटा आहे. नात्यात नसलेल्या व्यक्तींकडून वर्षभरात ५० हजारांपेक्षा जास्त भेट मिळाली तर ती करपात्र होते, आणि जोडीदार 'नात्यात' मोडत नाही. याला २०२५ मध्ये एका जोडप्याने मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे. त्याचा निकाल लागेपर्यंत मोठ्या रकमा देताना कर्जाचा साधा लेखी करार करा आणि बँकेतूनच द्या.

आता गटाचा निधी. भिशी सगळ्यांना माहीत असते, पण भिशीत पैसा पाळीने फिरतो. संकट पाळी बघून येत नाही. म्हणून साठून राहणारा निधी वेगळा हवा. ज्याला जमेल तेवढं त्याने महिन्याला टाकावं; सगळ्यांनी सारखंच द्यायचा नियम केला की कमी पगाराचा माणूस हळूच गळतो, आणि निधीची गरज बहुधा त्यालाच असते. लॉकडाउनमध्ये आमच्याकडे रेशनसाठी मदत मागायला सर्वांत जास्त संकोच त्यालाच झाला, ज्याचं दुकान बंद होतं. तेव्हापासून ठरवलं की ठरावीक रकमेपर्यंत कारण न विचारता द्यायचं, परत मागायचं नाही. हिशेब मात्र महिन्याला सगळ्यांसमोर. सगळे पैसे एकाच माणसाच्या खात्यात साठवू नका, त्याच्यावर कराचा प्रश्न येतो आणि संशयही. परदेशातल्या मित्रांची मदत घेताना लक्षात ठेवा: भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेला पैसा परकीय देणगी ठरत नाही, पण तिकडचं नागरिकत्व घेतलेल्याचा ठरतो. गटासाठी असा पैसा नोंदणीशिवाय घेऊ नका.

५. घर

लिव्ह अँड लायसन्स करारात दोघांची नावं घाला आणि तो नोंदवा. महाराष्ट्रात नोंदणी सक्तीची आहे. एकाचंच नाव असेल तर तो दवाखान्यात गेल्यावर दुसऱ्याला सोसायटीचा वॉचमनही अडवतो. शिधापत्रिकेवर क्वीअर जोडीदारांना एकाच कुटुंबातले धरावं, असं केंद्राने राज्यांना २०२४ मध्ये कळवलं आहे. घर नसलेल्या ट्रान्स मित्रांसाठी सरकारी योजनेतली 'गरिमा गृहं' ही निवारागृहं आहेत. तिथली चौकशी गरज पडण्याआधी करून ठेवा.

६. संकट घरातूनच आलं तर

कोंडणं, मारहाण, जबरदस्तीचं लग्न, 'बरं करण्यासाठी' डॉक्टरकडे किंवा बाबाकडे नेणं. पहिला प्रश्न वयाचा. अठरा वर्षांखालील मुलाला किंवा मुलीला परस्पर आपल्या घरी ठेवून घेऊ नका. हेतू कितीही चांगला असला तरी अपहरणाचा गुन्हा दाखल होऊ शकतो आणि मग त्या लेकराला कुणीच मदत करू शकत नाही. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बालकल्याण समितीमार्फतच पुढे जा.

सज्ञान व्यक्ती घर सोडणार असेल तर क्रम असा ठेवा. आधी मूळ कागदपत्रं बाहेर काढा: आधार, पॅन, मार्कशीट, पासबुक. मोबाइलचं लोकेशन घरच्यांना दिसतंय का पाहा. निघाल्याबरोबर तिने स्वतःच्या अक्षरात पत्र लिहावं की मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीने घर सोडलं आहे, मला कुणी पळवलेलं नाही. त्याची प्रत घराजवळच्या आणि आता राहते तिथल्या, अशा दोन्ही पोलीस ठाण्यांना द्या आणि पोच घ्या. हरवल्याची तक्रार आली तरी मग एका जबाबावर विषय मिटू शकतो. ठाण्यात एकटीने जाऊ नये. शक्य असेल तर वकील सोबत असावा. विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे, आणि स्त्रियांना मोफत वकील मिळवण्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

कुणाला कोंडून ठेवलं असेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे त्या व्यक्तीला कोर्टापुढे हजर करण्याची याचिका, करता येते. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये अशा प्रकरणांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत: न्यायाधीशांनी त्या व्यक्तीशी एकांतात बोलावं आणि समुपदेशनाच्या नावाखाली तिचा कल बदलायचा प्रयत्न होऊ देऊ नये. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशाच एका खटल्यात 'निवडलेलं कुटुंब' ही कल्पना मान्य केली आणि त्या तरुणीला जोडीदारासोबत जाऊ दिलं. 'बरं करतो' म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याची तक्रार वैद्यकीय परिषदेकडे करा. असे उपचार हे २०२२ पासून व्यावसायिक गैरवर्तन मानले जातात.

ॲपवरून भेटायला बोलावून लुबाडणं आणि 'घरी सांगू' म्हणून पैसे उकळणं हेही सर्रास चालतं. पहिला हप्ता दिला की दुसरा येतोच. पैसे देऊ नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट गटातल्या एकाला पाठवा. तक्रार कुठल्याही ठाण्यात नोंदवता येते, हद्दीचं कारण चालत नाही. आणि आपल्यापैकी कुणाला अटक झालीच, तर पोलिसांनी नातेवाइकालाच कळवावं असं नाही. अटक झालेला ज्या मित्राचं नाव सांगेल त्याला कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. म्हणून एक फोन नंबर तोंडपाठ हवा.

७. काळजीच्या पाळ्या

आजारपण लांबलं की पहिल्या आठवड्यात गर्दी होते आणि तिसऱ्या आठवड्यात जोडीदार एकटी उरते. सुरुवातीलाच वेळापत्रक करा: डबा कुणाचा, रात्रीची सोबत कुणाची, मेडिक्लेमचे कागद कुणाकडे, लोकांच्या फोनना उत्तरं कोण देणार. शेवटचं काम पेशंटच्या जवळच्या माणसाकडे अजिबात नको. आठवड्यातून एक दिवस तिला सक्तीने सुटी द्या, आणि 'मी ठीक आहे' यावर विश्वास ठेवू नका.

कुणी मरणाची भाषा करत असेल तर थेट विचारा, "जीव द्यायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार वाढत नाही. त्याला एकटं सोडू नका, औषधांचा साठा हलवा, १४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. एका माणसाने एकट्याने सलग रात्रंदिवस पहारा देऊ नये, दुसऱ्याला बोलवा.

८. मृत्यू झाला तर

आरोग्य मंत्रालयाने २०२४ मध्ये राज्यांना कळवलं आहे की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला पार्थिव ताब्यात घेता यावं. नातेवाईक आले तर मात्र हक्क त्यांचा धरला जातो. म्हणून अंत्यविधी कसे हवेत, कोणत्या नावाने आणि कोणत्या कपड्यांत, हे लिहून ठेवा आणि शक्य असेल तर घरातल्या एका तरी माणसाला जिवंतपणी सांगून ठेवा. आमच्या मैत्रिणीच्या वेळी तिच्या आत्याने एकटीने शब्द टाकला म्हणून तिला साडी नेसवता आली.

स्मशानात वाद घालू नका. गटातल्या एकाने नातेवाइकांशी बोलायचं, बाकीच्यांनी मागे उरलेल्या जोडीदाराजवळ थांबायचं. तिला तेराव्याला बोलावलं जाईलच असं नाही. त्या दिवशी आपण आपल्या घरी जमायचं. त्याच आठवड्यात तिचे स्वतःचे कागद, दागिने आणि भाडेकरार घरातून सुरक्षित जागी न्या, कारण सामान उचलायला माणसं लवकर येतात. मृत्यूच्या दाखल्याच्या जादा प्रती काढून घ्या. पहिला महिनाभर रात्री कुणीतरी तिच्याकडे झोपायला जावं, आणि बँकेत क्लेमचा फॉर्म भरायला जाताना तिच्यासोबत असा कुणी असावा, ज्याला मृत्युपत्र कुठे ठेवलंय ते माहीत आहे.